व्यायामाआधीची तपासणी: कोणाला, कोणती आणि किती

जिममध्ये नाव नोंदवताना फीच्या पावतीबरोबर एक छापील कागद पुढे केला जातो. त्यावर हृदयविकार, छातीत दुखणे, चक्कर, सांधेदुखी आणि चालू असलेली औषधे यांविषयी सहा-सात प्रश्न असतात आणि प्रत्येक प्रश्नासमोर ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन असतात. बहुतेक जण प्रश्न न वाचताच ‘नाही’च्या रांगेत वरपासून खालपर्यंत खुणा करून सही ठोकतात आणि मोठ्या उत्सुकतेने शरीरातील चरबी मोजणाऱ्या यंत्रावर उभे राहतात, कारण त्यातून निघणारा रंगीत आलेखांचा कागद हीच खरी तपासणी, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात पहिल्या कागदावरच्या प्रश्नांमागे पन्नासेक वर्षांचा वैद्यकीय अनुभव आहे. दुसऱ्या कागदावरून मात्र त्या व्यक्तीने उद्यापासून धावायला सुरुवात करावी की नाही, याविषयी जवळजवळ काहीच कळत नाही.

व्यायामापूर्वी तपासणी करायची ती व्यायाम धोक्याचा असतो म्हणून, असे मात्र नाही. लंडनमधील बसचालक आणि बसवाहक यांची तुलना करणारा जेरी मॉरिस यांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या चालकांपेक्षा डबलडेकरचा जिना सतत चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. मुंबईतील बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये कायमच्या थांबल्या. पण त्या अरुंद जिन्यावर तोल सावरत तिकिटे देणारा कंडक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या निष्कर्षाचे फारसे आश्चर्य वाटणार नाही. हालचाल हृदयाला तारते, हे तेव्हापासून पुन्हा पुन्हा सिद्ध झाले आहे.

धोका असतो तो एकदम घेतलेल्या उडीत. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. जोरदार श्रमानंतरच्या एका तासात झटक्याची शक्यता एरवीच्या मानाने किती पटींनी वाढते, हे त्यात तपासले होते. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा असे श्रम करणाऱ्यांमध्ये ती सुमारे अडीच पट वाढलेली दिसली, तर एरवी बैठे आयुष्य जगणाऱ्यांमध्ये ती शंभर पटींहून अधिक वाढलेली होती. हा आकडा वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण एखाद्या ठरावीक तासात झटका येण्याची मूळ शक्यताच अत्यंत लहान असते आणि तिची शंभर पटही लहानच राहते. पण त्यातून तपासणीचा हेतू स्पष्ट होतो. माणूस आज कोठे उभा आहे आणि त्याला कोठे जायचे आहे यांतले अंतर मोजणे, आणि त्या अंतरात एखादा दडलेला आजार आडवा येणार नाही ना हे पाहणे, एवढेच तिचे काम आहे.

आपल्याकडे या दुसऱ्या भागाला थोडे अधिक महत्त्व द्यावे लागते. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचे मध्यक वय (म्हणजे निम्म्या रुग्णांना ज्याच्या आत झटका आला ते वय) दक्षिण आशियाई लोकांमध्ये ५३ वर्षे, तर इतरांमध्ये सुमारे ५९ वर्षे आढळले. त्यामुळे ‘अजून पन्नाशीही आली नाही, मला काय होणार’ हा युक्तिवाद परदेशात जेवढा टिकतो तेवढा येथे टिकत नाही.

आधी तीन प्रश्न

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २०१५ साली व्यायामपूर्व तपासणीविषयीची आपली शिफारस बरीच सोपी केली. त्याआधी वय, धूम्रपान, कोलेस्टेरॉल, कुटुंबातील हृदयविकार असे धोक्याचे घटक मोजून माणसाला गटात टाकले जाई. त्या हिशेबाने चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक सगळ्यांनाच आधी डॉक्टरांकडे जावे लागले असते, आणि मग अनेक जण डॉक्टरांकडेही जात नाहीत आणि व्यायामही करत नाहीत. नव्या पद्धतीत तीनच गोष्टी विचारल्या जातात: सध्या नियमित व्यायाम आहे का, हृदयाचा, चयापचयाचा (जसे मधुमेह) किंवा मूत्रपिंडाचा एखादा आजार अथवा त्याची लक्षणे आहेत का, आणि सुरू करायचा व्यायाम किती जोराचा आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना मुंबईकराची गल्लत होते. ‘रोजची धावपळ आहेच की’ असे तो सांगतो, आणि ते खोटे नसते. स्टेशनपर्यंतची पायपीट, पुलाचे जिने, गाडीतले उभे राहणे हे सगळे श्रमच आहेत आणि घरी बसून राहण्यापेक्षा ते शतपटीने बरे. तरीही या प्रश्नात नियमित व्यायामाचा अर्थ ठरलेला आहे: दर वेळी किमान ३० मिनिटे, मध्यम जोराचा, आठवड्यातून किमान तीन दिवस आणि गेले किमान तीन महिने. गाडी सुटेल म्हणून शेवटच्या क्षणी मारलेली धाव यात धरायची नाही. उलट ती वर सांगितलेल्या अचानक उडीचाच एक नमुना आहे. रोज घरापासून स्टेशनपर्यंत सलग अर्धा तास झपाझप चालणाऱ्याने मात्र निःशंकपणे ‘हो’ म्हणावे.

उत्तरांचा निष्कर्ष असा निघतो. जो सध्या बैठा आहे, पण ज्याला कोणताही आजार नाही आणि लक्षणेही नाहीत, त्याला हलका किंवा मध्यम व्यायाम सुरू करण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती चालायला त्याने उद्या पहाटे खुशाल निघावे. जो बैठा आहे आणि ज्याला मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयविकार आहे, त्याने लक्षणे नसली तरी आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आधीपासून व्यायाम करणाऱ्या आजारी माणसाला मध्यम व्यायाम चालू ठेवता येतो. जोर वाढवायचा असेल तेव्हा त्याने तपासून घ्यावे. आणि ज्याला लक्षणे आहेत त्याने, मग तो रोज दहा किलोमीटर धावणारा का असेना, थांबून डॉक्टरांना दाखवावे. कॅनडात तयार झालेली आणि जगभर वापरली जाणारी ‘पार-क्यू प्लस’ ही प्रश्नावली याच धर्तीची आहे. तिच्या पहिल्या पानावर सात प्रश्न आहेत आणि सातही उत्तरे प्रामाणिकपणे ‘नाही’ असतील तर बहुतेकांची तपासणी तेथेच संपते.

लक्षणे, आणि त्यांना दिलेली सौम्य नावे

सगळा भर लक्षणांवर असल्यामुळे ती ओळखणे महत्त्वाचे ठरते, आणि आपल्याकडे नेमकी येथेच चूक होते, कारण लक्षणांना दुसरी, निरुपद्रवी नावे देण्याची आपल्याला सवय आहे. छातीत भरून आले की ‘गॅस झाला’, जळजळ झाली की ‘ॲसिडिटी’, धाप लागली की ‘वजन वाढलंय’, आणि डोळ्यांसमोर अंधारी आली की ‘सकाळपासून काही खाल्लं नव्हतं’. यांतले पुष्कळदा खरेही असते. फरक ओळखण्याची एक साधी कसोटी आहे: त्रास श्रमाबरोबर येतो का आणि विश्रांतीबरोबर जातो का, हे पाहावे. जेवणानंतर बसल्या जागी होणारी जळजळ एक गोष्ट. स्टेशनचा पूल चढताना दर वेळी साधारण त्याच पायरीवर छाती आवळल्यासारखी होणे आणि वर पोहोचून दोन-तीन मिनिटे कठड्याला टेकून उभे राहिल्यावर ते ओसरणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट. दुसऱ्या प्रकारात अँटासिड घेऊन जिमला जाणे धोक्याचे आहे.

हा त्रास नेहमी छातीतच होतो असेही नाही. तो जबड्यात, मानेत, डाव्या खांद्यात किंवा पाठीत दोन फऱ्यांच्या मध्ये जाणवू शकतो. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहाच्या रुग्णांमध्ये दुखण्याऐवजी केवळ धाप, घाम, मळमळ किंवा अनाकलनीय थकवा एवढेच दिसू शकते. याखेरीज व्यायामादरम्यान शुद्ध हरपणे, उताणे झोपल्यावर श्वास कोंडणे, संध्याकाळी घोट्यांवर सूज येणे, कारण नसताना छातीत धडधडणे, किंवा ठरावीक अंतर चालल्यावर पोटऱ्यांत गोळे येऊन थांबावे लागणे ही लक्षणेही दखल घेण्याजोगी आहेत. शेवटचे लक्षण पायांतील रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे असू शकते, आणि पायांत जे झाले आहे ते हृदयातही झालेले असण्याची शक्यता मोठी असते.

तरुणांच्या बाबतीत विचारण्याचा प्रश्न वेगळा आहे. साधारण पस्तिशीच्या आत व्यायामादरम्यान अचानक मृत्यू ओढवतो तेव्हा त्यामागे बहुधा हृदयाच्या स्नायूची आनुवंशिक जाडी, हृदयाच्या विद्युतप्रवाहातील दोष किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांची जन्मजात चुकीची रचना असते; पस्तिशीनंतर मुख्य कारण रक्तवाहिन्यांमध्ये साचलेली चरबी हे असते. म्हणून पंचविशीतल्या मुलाने कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा घरातील वडीलधाऱ्यांना एक गोष्ट विचारणे अधिक उपयोगाचे: आपल्या रक्ताच्या नात्यात कोणी लहान वयात, धडधाकट असताना, अचानक गेले होते का? त्याचे उत्तर ‘हो’ असेल, किंवा त्या मुलाला स्वतःला खेळताना कधी भोवळ येऊन तो पडला असेल, तर ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको करून घेणे योग्य. इटलीत १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे. हौसेने व्यायाम करणाऱ्या प्रत्येकाला मात्र तिची आवश्यकता नसते.

मोजण्याजोगे थोडे

रक्तदाब सर्वांनी मोजावा, कारण तो वाढला तरी बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. तो मोजण्याची पद्धत मात्र दवाखान्याच्या गर्दीत हमखास बिघडते. जिना चढून आल्या-आल्या, पिशवी मांडीवर, पाय लोंबकळत आणि तोंडाने बोलणे चालू, अशा अवस्थेत घेतलेल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी आणि तंबाखू टाळावी, लघवी करून यावे, पाठ टेकून आणि दोन्ही पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, उघड्या दंडावर पट्टा बांधावा, हात टेबलावर छातीच्या पातळीत ठेवावा आणि यंत्र चालू असताना बोलू नये. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यावी. पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल तर आकडा खोटा वाढतो, ही गोष्ट जाड दंडाच्या माणसांनी आवर्जून लक्षात ठेवावी. आकडा वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून अधिक येत राहिला तर डॉक्टरांना दाखवावे, पण चालणे थांबवू नये. नियमित व्यायामाने रक्तदाब उतरतोच. तो १८०/११० च्या पुढे असेल तर मात्र व्यायाम बाजूला ठेवून आधी उपचार घ्यावेत.

रक्तशर्करेसाठी उपाशीपोटीची साखर किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) यांपैकी एक पुरते. उपाशीपोटी १०० ते १२५ मिलिग्रॅम किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था मानतात, आणि त्यापुढे मधुमेह. रक्तदाब आणि साखर या दोन्ही तपासण्यांची सोय महापालिकेच्या दवाखान्यांत आहे. स्त्रियांनी यात हिमोग्लोबिनची भर घालावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि ‘स्टॅमिनाच नाही’ म्हणून दोन आठवड्यांत व्यायाम सोडणाऱ्या कितीतरी जणींची अडचण लोहाच्या कमतरतेत असू शकते. कंबरेचा घेर शेवटची बरगडी आणि कटीचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजावा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे.

चरबी मोजणारी यंत्रे शरीरातून अत्यंत क्षीण विद्युतप्रवाह सोडून होणाऱ्या अडथळ्यावरून चरबीचा अंदाज बांधतात. पाणी कमी-जास्त प्यायले, नुकतेच जेवण झाले किंवा घाम गाळून आले की तो अंदाज बदलतो. एकाच यंत्रावर, एकाच वेळी, तशाच स्थितीत महिन्यातून एकदा मोजून कल पाहण्यापुरता त्याचा उपयोग आहे. पहिल्याच दिवशी ‘तुमचं शरीराचं वय ५७ आलंय’ असे सांगून पर्सनल ट्रेनिंगचे पॅकेज पुढे करण्यासाठी नाही. सत्तर-ऐंशी चाचण्यांच्या ‘फुल बॉडी चेकअप’विषयीही असेच म्हणावे लागेल. इतक्या चाचण्या केल्या की निव्वळ योगायोगाने दोन-चार आकडे ठळक अक्षरांत येतातच, आणि मग व्यायामाऐवजी त्या आकड्यांचाच पाठलाग सुरू होतो.

ट्रेडमिल टेस्ट, म्हणजे बोलीतली ‘टीएमटी’, हा यांतला सर्वाधिक गैरसमजाचा विषय आहे. तिची प्रचलित पद्धत रॉबर्ट ब्रूस यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. पट्टा ताशी २.७ किलोमीटर वेगाने आणि दहा टक्के चढावर सुरू होतो आणि दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवले जातात. छातीवर लावलेल्या तारांतून ईसीजी सतत उमटत राहतो आणि ठरावीक अंतराने रक्तदाब मोजला जातो. ज्याला श्रमाबरोबर छातीत त्रास होतो त्याच्या बाबतीत ही चाचणी मोलाची आहे. पण ज्याला काहीच त्रास नाही आणि धोकाही कमी आहे अशा व्यक्तीत, विशेषतः स्त्रियांमध्ये, ती पुष्कळदा उगाच ‘पॉझिटिव्ह’ येते आणि नको असलेल्या पुढच्या तपासण्यांचे चक्र सुरू होते. उलट बाजूनेही तिला मर्यादा आहे: रक्तवाहिनी बरीच अरुंद होऊन रक्तपुरवठा कमी पडत असेल तरच ती दोष दाखवते. रक्तवाहिनीच्या भिंतीतला चरबीचा लहानसा थर अचानक फाटून त्यावर गुठळी बसल्याने येणाऱ्या झटक्याचा अंदाज तिला येत नाही. म्हणून ‘टीएमटी नॉर्मल आली’ हे वाक्य पुढची दहा वर्षे मिरवण्याजोगे प्रमाणपत्र नव्हे, आणि चालण्याचा व्यायाम सुरू करणाऱ्या निरोगी माणसाला ती सरसकट सांगण्याचेही कारण नाही. चाळिशीपुढील बैठ्या माणसाला थेट हाफ मॅरेथॉनची तयारी करायची असेल, त्यातून तो धूम्रपान करत असेल किंवा घरात हृदयविकार असेल, तर डॉक्टरांनी ती सुचवणे रास्त ठरते.

सुरुवात कोठून करायची

येथवरची तपासणी व्यायाम सुरक्षित आहे का, एवढेच सांगते. किती करायचा, हे क्षमतेच्या चाचण्यांवरून ठरते आणि त्या घरीही करता येतात.

सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून नाडी मोजावी. स्वतःच्या अंगठ्याने मोजू नये, कारण अंगठ्याची स्वतःचीच नाडी जाणवते. समजा, मुलुंडला राहणाऱ्या ४६ वर्षांच्या एका गृहस्थांची ही नाडी ७८ आहे. सर्वाधिक ठोक्यांचा प्रचलित अंदाज ‘२२० वजा वय’ या हिशेबाने १७४ येतो. त्यातून विश्रांतीचे ७८ वजा केले की ९६ ठोक्यांची शिल्लक उरते. मध्यम व्यायामात या शिलकीचा ४० ते ५९ टक्के भाग वापरायचा, म्हणजे साधारण ३८ ते ५७ ठोके, आणि ते मूळ ७८ मध्ये मिळवले की मिनिटाला ११६ ते १३५ ठोक्यांचा पट्टा मिळतो. हिशेब नेटका दिसतो, पण ‘२२० वजा वय’ हा फारच ढोबळ अंदाज आहे. प्रत्यक्षातला आकडा त्याहून दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडे-तिकडे असतो, आणि काहींच्या बाबतीत त्याहूनही अधिक. म्हणून मनगटी घड्याळाचा लाल रंग पाहून घाबरण्यापेक्षा बोलण्याची कसोटी बरी. चालताना पूर्ण वाक्ये बोलता येतात पण गाणे म्हणता येत नाही, तो जोर मध्यम. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोरदार.

हृदय-फुप्फुसांची क्षमता पाहण्यासाठी पायरीची चाचणी सोपी आहे. बारा इंच उंचीचा भक्कम, न हलणारा ठोकळा भिंतीजवळ ठेवावा आणि मोबाइलवरील तालयंत्र मिनिटाला ९६ ठोक्यांवर लावावे. प्रत्येक ठोक्याला एक पाऊल या हिशेबाने उजवा वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली अशी तीन मिनिटे चढउतार करावी, तीन मिनिटे संपताच लगेच खाली बसावे आणि पाच सेकंदांच्या आत नाडी धरून पूर्ण एक मिनिट मोजावी. हा आकडा जितका कमी तितकी क्षमता अधिक. गुडघेदुखी असणाऱ्यांनी ही चाचणी टाळून सहा मिनिटांत सपाट रस्त्यावर किती अंतर चालता येते ते नोंदवावे. मरीन ड्राइव्हचा पदपथ किंवा सोसायटीचा आवार, जागा कोणतीही चालेल, पण पुढच्या वेळी तीच निवडावी. जिन्याच्या चाचणीचाही अलीकडे बराच बोलबाला झाला. स्पेनमधील एका रुग्णालयाने २०२० साली मांडलेल्या निरीक्षणात ६० पायऱ्या एका मिनिटाच्या आत चढणाऱ्यांची क्षमता चांगली आणि दीड मिनिटाहून अधिक वेळ घेणाऱ्यांची कमी आढळली होती. बातम्यांत ते ‘चार मजले’ म्हणून आले. आपल्या इमारतींत एका मजल्याला वीसच्या आसपास पायऱ्या असतात, तेव्हा येथे ते तीन मजलेच भरतील. शिवाय त्या निरीक्षणातील लोकांची रुग्णालयात तपासणी चालू होती. छातीत त्रास होणाऱ्या माणसाने घड्याळ लावून एकट्याने हा प्रयोग करणे अत्यंत अयोग्य होय.

साठीच्या पुढे दम किती आहे यापेक्षा पायांतले बळ आणि तोल यांना अधिक महत्त्व येते. हात छातीवर दुमडून खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. ६० ते ६४ वर्षे वयात पुरुषांना १४ आणि स्त्रियांना १२ वेळा जमले नाही तर ताकद सरासरीपेक्षा कमी समजतात. एका पायावर दहा सेकंद उभे राहून पाहावे, पण ओट्याजवळ किंवा भिंतीजवळ आणि घरातील कोणाला तरी शेजारी उभे करून. यांत कमी पडणाऱ्या आजी-आजोबांना नुसते ‘रोज चाला’ सांगणे अपुरे आहे. त्यांच्या कार्यक्रमात उठ-बस आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम पहिल्या दिवसापासून असले पाहिजेत.

औषधे, ताप आणि डॉक्टरांची चिठ्ठी

चालू औषधांची यादी ट्रेनरला दाखवण्यात संकोच बाळगू नये. बीटाब्लॉकर गटातील गोळ्या, उदाहरणार्थ मेटोप्रोलोल, हृदयाची गती दाबून ठेवतात. त्यामुळे वर दिलेला ठोक्यांचा हिशेब या गोळ्या घेणाऱ्यांना लागू पडत नाही आणि त्यांनी बोलण्याच्या कसोटीवरच विसंबावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर व्यायामादरम्यान आणि नंतरही एकदम उतरू शकते. आधी मोजून ती ९० च्या खाली असेल तर काही खाऊनच सुरुवात करावी आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये, पाणी आणि क्षार कमी पडण्याचा धोका अधिक असतो. मधुमेहाचे जुने रुग्ण असतील तर डोळ्यांचा पडदा आणि पावलांची संवेदना तपासून घ्यावी. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर श्वास रोखून जड वजन उचलणे दृष्टीवर बेतू शकते.

पावसाळ्यात या शहरात घरोघरी ताप असतो. डेंग्यू असो वा साधा विषाणूजन्य ताप, अंगात ताप असताना ‘घाम गाळून बरे वाटेल’ म्हणून जोरदार व्यायाम करणे चुकीचे आहे, कारण काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात. ताप उतरल्यावर काही दिवस हलके चालावे आणि धाप किंवा धडधड नेहमीपेक्षा अधिक वाटली तर डॉक्टरांना दाखवावे.

डॉक्टरांकडे जावे लागलेच तर तेथून काय आणायचे हेही ठरवून जावे. ‘फिट फॉर जिम’ असे तीन शब्द लिहिलेली चिठ्ठी जिमच्या फायलीपुरती कामाची असते. डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: कोणत्या जोरापर्यंत जाता येईल, कोणती हालचाल टाळायची, आणि औषधाची वेळ व्यायामाच्या वेळेशी कशी जुळवायची. त्यासाठी ‘व्यायाम करू का?’ असे मोघम न विचारता ‘आठवड्यातून चार दिवस चाळीस मिनिटे झपाझप चालणे आणि दोन दिवस वजने’ असा नेमका बेत त्यांच्यापुढे ठेवावा, म्हणजे उत्तरही नेमके मिळते. बाळंतपण किंवा सिझेरियन झालेल्या स्त्रियांनी, तसेच कंबरदुखीबरोबर पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा असणाऱ्यांनी, ट्रेनरकडे जाण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टला दाखवणे अधिक श्रेयस्कर. ट्रेनर कितीही अनुभवी असला तरी निदान करणे त्याचे काम नाही. आणि एखादे लक्षण ऐकून ‘आधी डॉक्टरांना दाखवून या’ असे जो सांगतो, तो ट्रेनर गिऱ्हाईक गमावण्याची जोखीम घेतो, म्हणून विश्वासाचा मानावा.

घरी केलेल्या चाचण्यांचे आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत आणि आठ ते बारा आठवड्यांनी त्याच पायरीवर, त्याच तालावर, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा घ्यावेत. तीन मिनिटांच्या चढउतारानंतरची नाडी आधीपेक्षा कमी भरली तर व्यायामाचा वेळ किंवा जोर, दोहोंपैकी एकच, थोडा वाढवावा. ती होती तेवढीच राहिली तर बहुधा जोर कमी पडत असतो. नियमित व्यायाम करूनही ती वाढली, किंवा सकाळची नाडी आठवडाभर नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी चढीच राहिली, तर आधी झोप आणि विश्रांती पुरेशी होते का ते पाहावे, आणि त्यात उणीव नसेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून डॉक्टरांना दाखवावे.